एकतीस पदार्थांचं घड्याळ

बावन्न वर्षांच्या माणसाला कुणी ‘छोट्या’ म्हणतं का? दादा म्हणायचा. दुकानात गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, भर रस्त्यात हाक मारून म्हणायचा, आणि डोक्याचं पार मैदान झालेला तो छोट्याही निमूटपणे ‘ओ’ द्यायचा. दोघा भावांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर, मधे एक अरुंद जिना. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. का राहून गेली, ते विचारू नका. काही लोकांची छत्री राहून जाते, तसं यांचं लग्न.

आई गेली तेव्हा दादा ऐन तरुण होता आणि छोट्या शाळेत. वडिलांना चहासुद्धा करता येत नव्हता. तेव्हा दादाने पळी हातात घेतली ती घेतलीच. पहिले काही दिवस काय काय करपलं, काय काय कच्चं राहिलं, देव जाणे. मग एका संध्याकाळी कोबी-बटाट्याचा रस्सा आणि भात जमला. वडील दोनदा वाढून घेऊन जेवले. झालं! वडिलांचा दुकानातला एक नियम होता, चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही. बंद पडलेलं खुशाल उघडा, पण जे चालतंय ते चालू द्या. दादाने तो नियम जिन्यावरून उचलून स्वयंपाकघरात नेला. रस्सा जमलाय ना? मग त्याला हात लावायचा नाही.

वडीलही पुढे गेले, पण रस्सा राहिला. कधी त्यात वाटाणे पडत, कधी कोबी महागला तर बटाटे जास्त. पण पळसाला पानं तीनच. दुपारी रस्सा-भात, रात्री उरलेला रस्सा पावाबरोबर. छोट्या ताटावर बसायचा, खाली मान घालून जेवायचा, ताट धुवायचा. जेवणाबद्दल त्याने कधी ब्र काढला नाही. दादाला वाटायचं, त्याला आवडतं. आणि खरं सांगायचं तर दादाला स्वतःला त्या रश्शाचा इतका वीट आला होता, की पातेल्यात कोबी टाकताना तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचा.

हे असंच आणखी वीस वर्षं चाललं असतं. पण मधेच एक घड्याळ बंद पडलं.

घड्याळ होतं पोहायला शिकवणाऱ्या बाईंचं. मनगटावरचं, पाण्यात चालणारं म्हणून घेतलेलं आणि पाण्यानेच बंद पडलेलं. बाई दुकानात आल्या त्याच हसत आल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, केस ओले, आवाज असा की भिंतीवरच्या लंबकांनी दचकावं. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मुलांना ओरडून सांगायची सवय, दुसरं काय. छोट्याने घड्याळ दुरुस्त करून दिलं. पंधरवड्यात बाई परत आल्या, पट्टा सैल झाला म्हणून. मग पुन्हा आल्या. त्या वेळी छोट्याने घड्याळ उघडलं, भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “याला काहीच झालेलं नाही.”

“माहितीय मला,” बाई म्हणाल्या.

पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या दादाच्या चिमट्यातून एक स्क्रू उडाला तो अजून सापडलेला नाही.

दादाला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. त्याने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि गोड बिस्किटांचा पुडा आणला. थोड्याच दिवसांत छोट्या आणि बाईंचं लग्न ठरल्यात जमा झालं. पण एक दिवस काय झालं, दुपारच्या वेळी बाई दुकानात आल्या, वरून रश्शाचा वास येत होता, आणि त्यांनी सहज विचारलं, “आज काय बेत?” छोट्या म्हणाला, “कोबी-बटाटा.” बाई म्हणाल्या, “परवाही तोच होता ना?” छोट्या म्हणाला, “तेव्हाही होता. लहान होतो तेव्हाही होता.” बाई पोट धरून हसल्या. “अरे देवा! मी तर दोन दिवसांत पळून जाईन!”

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. बाई हसून मोकळ्या झाल्या, छोट्याही हसला. दादा जिन्यात उभा होता, हातात पळी. त्याचं मात्र हसू गेलं.

आणि त्याच आठवड्यात छोट्या जेवता जेवता म्हणाला, “पुलापलीकडे एक जागा बघून आलो. दोन खोल्या आहेत. उजेड चांगला आहे.” एवढं बोलून त्याने बटाटा तोंडात घातला.

छोट्या जाणार. लग्न करून बाईंना या घरात आणण्याऐवजी तो पुलापलीकडे जाणार, आणि का, तर कोबीपायी! या टेबलाशी समोरची खुर्ची रिकामी, आणि आपण एकटे पातेल्यात पळी फिरवत बसलोय, हे चित्र दादाला इतकं लख्ख दिसलं की त्याने हातातला घास ताटात ठेवला. त्याने ठरवलं, काहीही झालं तरी हा रस्सा बंद. असं काही रांधायचं की बाई म्हणतील, मला इथंच राहायचंय.

ठरवणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ओट्याशी उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, आपल्याला दुसरं काहीच येत नाही.

त्याने भाचीला बोलावलं. भाची म्हणजे आई असतानाच लग्न होऊन गेलेल्या त्यांच्या बहिणीची मुलगी, औषधांच्या दुकानात काम करणारी, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. तिने मामाचा फोन घेतला, त्यात एक ॲप घातलं आणि म्हणाली, “हे बघ. घरात काय काय आहे ते यात टाकायचं. मग हे सांगतं काय करता येईल ते. आठवड्याचा बेतही आखून देतं. सोपं आहे, मामा.”

दादाने भिंग डोळ्याला लावलं. हो, फोन बघायलासुद्धा. घरातल्या सगळ्या गोष्टी एकेक करून त्यात भरल्या. तांदूळ. बटाटे. कोबी. कांदा. वाटाणे. फोनने क्षणभर गोल गोल फिरून विचार केला आणि मोठ्या रंगीत फोटोसकट उत्तर दिलं. कोबी-बटाट्याचा रस्सा, सोबत भात.

“ये रे माझ्या मागल्या!” दादा ओरडला.

भाची हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. “अरे, त्याला घरात जे आहे तेच दिसणार ना! बाजारात जा आधी. कोबी सोडून काहीही आण.”

दादा बाजारात गेला. तीस वर्षं ज्या भाजीवाल्याकडे तो एकच पिशवी एकाच प्रकारे भरून घ्यायचा, त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, “वांगी द्या.” भाजीवाल्याने दादाच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग वांगी दिली, लसूण दिला, हिरवी कोथिंबीर नुसती हातावर ठेवली. “ही माझ्याकडून,” म्हणाला. “कुणी पाहुणं येणार का?”

घरी आल्यावर दादाने ओट्यावर जे मांडलं ते बघण्यासारखं होतं. घड्याळ उघडताना सुटे भाग हरवू नयेत म्हणून छोट्या खणांचा ट्रे असतो. दादाने दुकानातला नवाकोरा ट्रे वर आणला. एका खणात लसूण, एकात मिरी, एकात मीठ, एकात जिरं, सगळं ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. ॲपने सांगितलं, कांदा सात मिनिटं परता. दादाने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत परतायला सुरुवात केली. त्याचं घड्याळ अचूक होतं, त्यात वादच नाही. कांदा मात्र पाचव्या मिनिटालाच काळा पडला. सातवं मिनिट पुरं होईतो स्वयंपाकघर धुराने भरलं आणि छोट्या जिना चढून धावत आला.

“दादा! अरे, कांद्याकडे बघ, घड्याळाकडे काय बघतोस!”

“सात मिनिटं म्हटलंय.”

“त्या ॲपवाल्याच्या शेगडीवर सात असतील!”

दादाने कढई घासली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी कांद्याकडे बघितलं. संध्याकाळी टेबलावर वांगी आली, भाजलेली, लसूण आणि दही घातलेली. छोट्याने एक घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. वर बघितलं. आणि म्हणाला, “दादा, हे काय आहे? झकास आहे हे!”

दादा गेली कित्येक वर्षं इतका खूश झाला नव्हता. मग त्याने काय करावं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वांगी केली. तिसऱ्या दिवशी तीच. चौथ्या दिवशी मीठ किंचित कमी. पाचव्या दिवशी दही किंचित जास्त.

आता हे तुम्हाआम्हाला वेडेपणा वाटेल. पण घड्याळवाल्याला विचारा. दुरुस्त केलेलं घड्याळ कधी लगेच गिऱ्हाइकाला देत नाहीत. आठवडाभर भिंतीवर टांगून ठेवायचं. पुढे जातं का, मागे पडतं का बघायचं, रोज थोडं थोडं जुळवायचं, आणि पुरतं बरोबर चालायला लागलं की मगच हातावेगळं करायचं. दादा वांगी जुळवत होता. बाईंना जेवायला बोलवायचं तर पदार्थ तपासलेला नको?

आठव्या दिवशी छोट्याने ताट पुढे सारलं. रश्शापुढे चाळीस वर्षं ज्याने तोंडात मिठाची गुळणी धरली, तो छोट्या म्हणाला, “दादा, कोबी परवडला.”

आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. दादाने तोंड पाडून भाचीला फोन लावला. भाचीने ऐकून घेतलं आणि मग सुनावलं, “मामा, जेवण म्हणजे काय लंबक आहे का, आठ दिवस टांगून बघायला? रोज वेगळं करायचं म्हणून तर ते ॲप! त्यात पाचशे पदार्थ आहेत. आणि तू एका वांग्याला धरून बसलायस.”

“पाचशे आहेत तेच वाईट आहे,” दादा म्हणाला. “रोज सकाळी मी ते उघडतो, फोटो बघत बसतो, आणि कुठला करू ते ठरेपर्यंत दुकान उघडायची वेळ होते. मग हात आपोआप वांग्याकडे जातो. मला कुणीतरी सांगायला हवं, आज हेच कर. आणि ते असं सांगायला हवं की मला मोडता येणार नाही.”

“तू कुणाचं ऐकतोस, मामा? जन्मात कधी कुणाचं ऐकलंयस?”

दादाने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. तो ऐकायचा. फक्त घड्याळाचं ऐकायचा.

तुम्हाला आता कळलंच असेल. माळ्यावर एक जुनं घड्याळ पडून होतं, कुणीतरी दुरुस्तीला टाकून नेलंच नाही असं. त्याला वेळेच्या काट्यांखेरीज तारखेचा एक वेगळा लांब काटा होता. तबकडीच्या कडेने एकतीस घरं, आणि काटा रोज एक घर पुढे सरकणारा. दादाने घड्याळ खाली काढलं, धूळ झटकली, चाकं धुतली, चावी दिली. ते टिकटिकायला लागलं. मग त्याने आणि भाचीने मिळून त्या पाचशेतून एकतीस पदार्थ निवडले, ज्यांचं साहित्य आपल्या बाजारात मिळेल आणि कढई-पातेल्याबाहेर काही लागणार नाही असे. आणि छोट्याला बसवलं लिहायला, कारण तबकडीवरची बारीक अक्षरं छोट्यासारखी कुणाला जमत नव्हती.

“कुठल्या तारखेला काय लिहायचं?” छोट्याने विचारलं.

“तुला हवं तिथं लिही. मला सांगू नकोस. कळलं तर मी त्याचा आधीपासून सराव करत बसेन.”

छोट्याने दोन संध्याकाळी खपून नवी तबकडी लिहिली. मधूनमधून तो स्वतःशीच हसत होता. घड्याळ ओट्याच्या वर खिळ्याला टांगलं, आणि त्याची काच दादाने वरून कापडाने झाकली. फक्त काट्याच्या टोकापुढे एवढीशी फट ठेवली, आणि काटा सरकला की कापडही तेवढंच सरकवायचं. रोज सकाळी तिथून एक नाव दिसायचं. टोमॅटोचं सूप आणि तळलेला पाव. पालक आणि अंडी. मक्याचे दाणे घातलेला भात. लिंबाच्या रसातला मासा. एकदा नुसतं ‘ऑम्लेट’ एवढंच होतं आणि दादाला फार अपमान झाल्यासारखं वाटलं, पण घड्याळाने सांगितलंय म्हटल्यावर त्याने ऑम्लेटच केलं.

काय सांगू तुम्हाला! त्या घरात पुन्हा जीव आला. छोट्या सकाळी अंघोळ करायच्या आधी फटीतून डोकावायला लागला. दुकानात काम करता करता दोघे वाद घालायचे, माशात आलं हवं होतं की नको. दादाची कुठली तरी गोष्ट रोज बिघडायची. भोपळ्याचं सूप इतकं पातळ झालं की छोट्या म्हणाला, यात पोहायला येईल. पण बिघडलेलं दुसऱ्या दिवशी सुधारत बसायची सोय नव्हती, कारण काटा पुढे गेलेला असायचा. दादाला ती गोष्ट मनापासून आवडायला लागली. भाजीवाला तर आता त्याला लांबूनच विचारायचा, “आज घड्याळ काय म्हणतंय?”

पण पुलापलीकडच्या जागेबद्दल छोट्या काही बोलत नव्हता. आणि दादाही विचारत नव्हता. आमच्यात असलं बोलत नाहीत, असं दोघांचंही म्हणणं. शेवटी दादाने धीर करून छोट्याला सांगितलं, “येत्या रविवारी त्यांना जेवायला बोलाव. दुपारी.” छोट्याने तिथल्या तिथे फोन लावला, आणि पलीकडून बाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला, “येते! सकाळचा वर्ग संपला की उपाशीच येते!”

आता खरा दादा बघा. बोलावणं धाडून झालं, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी काट्यापुढे काय येणार, ते त्याला माहीतच नव्हतं!

रविवारी सकाळी त्याने फटीतून बघितलं. छोट्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, भरलेल्या ढब्बू मिरच्या.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. उभ्या जन्मात त्याने ढब्बू मिरची भरली नव्हती. ज्या एका जेवणावर सगळं अवलंबून, ते न तपासलेलं! वांगी येत होती की. आठ दिवस जुळवलेली, मिठासकट घोटून पक्की. काटा बोटाने वांग्यांच्या घरापर्यंत ढकलला की झालं. बघायला कोण होतं? छोट्या अंघोळीला गेला होता. दादाने काच उघडली. बोट काट्यापर्यंत नेलं.

आणि तिथेच थांबला. चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही. वडील काही वर येऊन बघणार नव्हते. पण ज्या हातांनी चाळीस वर्षं तो नियम पाळला, ते हातच ऐकेनात. दादाने स्वतःला चार शिव्या घातल्या, काच बंद केली आणि पिशवी घेऊन बाजारात पळाला.

भरलेली मिरची उभी राहिली पाहिजे, आडवी पडली तर आतलं सगळं बाहेर. दादाने मिरच्यांच्या टोप्या सुरीने कापल्या, आणि आतल्या बिया काढायला घड्याळाचा चिमटा गरम पाण्याने धुऊन घेतला. एकही बी राहू दिली नाही. भात, मशरूम, लसूण, किसलेलं चीज, थोडे शेंगदाणे असं आतलं मिश्रण कालवलं, चव घेतली, घाबरून पुन्हा घेतली. मिरच्या रुंद पातेल्यात उभ्या केल्या आणि त्या हलू नयेत म्हणून मधल्या फटींमध्ये बटाट्याच्या पाचरी ठोकल्या, अगदी घट्ट. वर झाकण. मंद गॅस. मग घड्याळाकडे पाठ करून तो झाकणाजवळ कान नेऊन उभा राहिला.

बाई आल्या तेव्हा केस ओले, नाक लाल, आणि हातात फुलं नाहीत की मिठाई नाही, तर एक भलंमोठं कलिंगड. “उचलायला सोपं नव्हतं,” म्हणाल्या. छोट्याने ते घेतलं. तिघं बसले. दादाने वाढलं. एक मिरची वाढतानाच खचली आणि ताटात बसकण मारून बसली. दादाने ती स्वतःला घेतली.

बाई जेवायला लागल्या. बोलेनात. ज्या बाईंचा आवाज तलाव ओलांडून जायचा, त्या तोंडातून अवाक्षर काढेनात. एक मिरची संपली. दुसरी घेतली.

“हे तुम्ही पहिल्यांदाच केलंत ना?” बाईंनी अचानक विचारलं.

“कशावरून?”

“श्वास रोखून बसलायत केव्हाचे. माझ्या वर्गातली पोरं पहिली उडी मारायच्या आधी अशीच दिसतात. सोडा आता. मस्त झालंय. तिसरी मिळेल?”

दादाने श्वास सोडला. आणि श्वासाबरोबर जे इतके दिवस आत कोंडून ठेवलं होतं तेही बाहेर पडलं. “मग कुठे राहायचं ठरलं तुमचं?”

छोट्याने चमचा खाली ठेवला.

“ती पुलापलीकडची जागा,” तो ताटाकडे बघत म्हणाला. “उद्या किल्ली घ्यायला बोलावलंय मालकांनी.”

“म्हणजे ठरलंच.” दादा म्हणाला. “इतकं सगळं करूनसुद्धा. बाई, आता तर कोबी नाही ना या घरात! तुम्हीच म्हणाला होतात, दोन दिवसांत पळून जाईन म्हणून.”

“अहो, ती थट्टा होती!” बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. “दादा, मी रोज संध्याकाळी उकडलेली अंडी आणि पाव खाते. उभ्याने खाते. मी कुणाच्या कोबीला नावं ठेवणार?”

“मग का जाताय?”

आता छोट्या बोलला. हळू बोलला, पण थांबला नाही. “तुझ्यासाठी, दादा. शाळेतून यायचो तेव्हापासून तू मला रांधून घालतोयस. स्वतःचं काही केलं नाहीस. खिडकीबाहेर बघत कोबी टाकायचास, मला काय दिसत नव्हतं? मला वाटलं, मी गेलो की तू सुटशील. तुला हवं ते कर, नको तर करू नकोस, चार दिवस कुठे फिरून ये. आणि आता तिसरं माणूस आणून आणखी तुझ्याच गळ्यात घालू?”

“मला सुटायचंय असं तुला कुणी सांगितलं?” दादा उठून उभा राहिला. तो रागावला होता, असा रागावला होता की शब्द अडखळत होते. “गाढवा! कोबी नको होता मला. तू हवा होतास. तू समोर बसलेला हवा आहेस मला, जेवताना. बाकी मला काही नको. आणि यांनाही इथंच यायला सांग. मला दोघंही हवी आहात. सांगून टाकलं. आता हसायचं तर हसा.”

कुणी हसलं नाही. बाईंनी छोट्याच्या दंडाला असा धक्का दिला की तो खुर्चीसकट हलला. “महिनाभर कानीकपाळी ओरडतेय, दादांना विचार, दादांना विचार! तर म्हणे आमच्यात असलं बोलत नाहीत. मला त्या दोन खोल्या कधीच नको होत्या. तिथे शेजारी कोण राहतं तेसुद्धा माहीत नाही. कर फोन.”

छोट्याने तिथेच, टेबलापाशी उभं राहून घरमालकांना फोन केला. मालक बहुतेक झोपेतून उठले होते, कारण बराच वेळ तेच कुरकुरत होते. दादा ताटाकडे बघतोय असं दाखवत एकेक शब्द ऐकत होता. “नाही, भाड्याचं काही नाही,” छोट्या म्हणाला. “हो, जागा छानच आहे. उजेडही छान आहे. नाही, दुसरीकडे नाही घेतली कुठे.” मग तो जरा थांबला. “माझं घर आहे इथे,” म्हणाला, “माझा भाऊ आहे,” आणि फोन ठेवला.

दादाने पटकन रिकामं पातेलं उचललं आणि स्वयंपाकघरात गेला. नळ सोडला. पातेलं घासायला लागला, पण हात नुसतेच फिरत होते, पुढचं काही नीट दिसत नव्हतं. मागून बाई आल्या. काही न बोलता बाह्या सरसावल्या, त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि ताटं विसळायला घेतली.

“दादा,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका लहान होता की बाहेर ऐकू गेला नसता, “रडायचं असेल तर रडा खुशाल. मी दिवसभर पाण्यात असते. मला ओल्या माणसांची सवय आहे.”

दादा आधी हसला, मग रडला, आणि मग दोन्ही एकदमच व्हायला लागलं. बाहेरून छोट्याने ओरडून विचारलं, आत काय चाललंय. बाईंनी धुतलेलं ताट दादाच्या हातात दिलं आणि त्याने ते पुसून फळीवर ठेवलं.